डबीतला वास गालावर का येत नाही?

तुम्ही लिहिलंय, की नागपुरात धरमपेठेत भाड्याच्या खोलीत होतात तोवर साध्या दाढीच्या साबणालाही भरपूर फेस यायचा. मग बेसा रोडकडच्या नव्या लेआउटमध्ये घर घेतलं, हौसेने हाताने बनवलेल्या साबणाची वाळ्याच्या वासाची डबी मागवली, आणि आता एक गाल करून होईपर्यंत दुसऱ्या गालावरचा फेस बसलेला असतो. डबी उघडली की खोली भरून जाते, पण ब्रश फिरवला की वास गायब. साबण नकली निघाला का, आणि पुढची डबी कोणत्या वासाची घ्यावी, असं तुमचं विचारणं आहे.

साबण बहुतेक चांगलाच आहे. त्यातला वाळा मात्र मला खरा वाटत नाही. त्याचं कारण पुढे येईल. आधी फेसाचं बघू, कारण तुमच्या प्रश्नातला सगळ्यात कामाचा शब्द तुम्ही अगदी शेवटी, जाता जाता लिहिलाय: नव्या घरी बोअरचं पाणी आहे.

मी इथेच एलआयटीत, म्हणजे १९४२ साली सुरू झालेल्या आपल्या लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूटमध्ये तेल तंत्रज्ञान शिकलो आणि गेली १८ वर्षं नागपुरातच छोट्या बॅचमध्ये दाढीचा साबण करतो. फेस टिकत नाही म्हणून माझ्याकडे डबी परत घेऊन येणाऱ्याला मी पहिल्यांदा एकच विचारतो, घरी तूरडाळ शिजायला किती शिट्ट्या लागतात? ज्या पाण्यात डाळ शिजत नाही त्या पाण्यात साबणही फेसत नाही. धरमपेठेत तुमच्या नळाला पेंच-कन्हानचं पाणी यायचं. ते धरणा-नदीचं, तुलनेने हलकं. बोअरचं पाणी खडकातून झिरपत येतं आणि येताना कॅल्शियम, मॅग्नेशियम सोबत घेऊन येतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा असं म्हटलंय, आणि दुसरी सोयच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. पिण्यापुरतं ते ठीक आहे. दाढीच्या ब्रशला ६०० चालत नाही.

आता इथे एक गंमत आहे, ती नीट समजून घ्या. समजा तुमच्या बोअरचा कठीणपणा ४०० आहे. असं एक लिटर पाणी साधारण अडीच ग्रॅम साबण निकामी करतं. पण एका दाढीच्या फेसात फार तर ३० मिलिलिटर पाणी जातं. म्हणजे वाया गेलेला साबण ०.०७ ग्रॅमच्या आसपास. मी दाढीला दीड ग्रॅम साबण धरतो, त्यातला हा जेमतेम विसावा हिस्सा. मग एवढ्याशा नुकसानीने फेस का बसावा? कारण निकामी झालेला साबण मुकाट्याने बाजूला होत नाही. त्याचे न विरघळणारे, मेणकट, अगदी बारीक कण होतात. बादलीच्या काठावर जो चिकट पांढरा थर बसतो, तोच हा. हे कण बुडबुड्याच्या पापुद्र्यात जाऊन बसतात आणि पापुद्रा तिथूनच फाटतो. म्हणून जास्त साबण घेतला की थोडी सुधारणा दिसते, पण धरमपेठेचा फेस काही येत नाही.

खात्री करून घ्यायची असेल तर पाण्याच्या दोन रिकाम्या बाटल्या घ्या. एकीत आरओचं पाणी अर्ध्यापर्यंत, दुसरीत तेवढंच बोअरचं. दोन्हींत वडीचा चिमूटभर कीस टाका, झाकण लावून वीस वेळा हलवा आणि टेबलावर ठेवून द्या. आरओच्या बाटलीत खाली नितळसर पाणी आणि वर उभा फेस राहील. बोअरच्या बाटलीत पाणी दुधी होईल, त्यात दूध नासल्यासारखे कण तरंगतील, आणि फेस बघता बघता खाली येईल. माझ्या टेबलावर या दोन बाटल्या कायम असतात. बोलून जे पटत नाही ते त्या अर्ध्या मिनिटात पटवतात.

उपाय महागाचा नाही. दाढीपुरतं एक वाटी आरओचं पाणी बाथरूममध्ये न्या. ब्रश त्यातच भिजवा, फेसात पाणीही तेच घाला. आणि हे बहुतेक जण विसरतात: साबण लावण्याआधी चेहऱ्यावरून त्या पाण्याचा एक हात फिरवा, नाहीतर गालावर राहिलेलं बोअरचं पाणी फेसात उतरतंच. आरओ नसेल तर पाणी खळखळून उकळा, रात्रभर ठेवा, आणि तळाचा पांढरा गाळ न ढवळता वरचं घ्या. सगळा कठीणपणा जात नाही, पण फरक दिसतो. पावसाळ्यात गच्चीवर भांडं ठेवलंत, पहिले दोन पाऊस सोडून पुढचं पाणी धरलंत, तर त्याच्यासारखं दुसरं पाणी नाही. आमची आजी केस धुवायला तेच साठवायची. लिंबू मात्र पिळू नका. कोणीतरी सांगतंच, की लिंबाने पाणी हलकं होतं. आम्लाने साबणच फुटतो आणि तेलकट तवंग वर येतो.

ब्रशही बघून घ्या. महिनोन्महिने बोअरच्या पाण्यात वापरलेल्या ब्रशच्या मुळाशी तोच मेणकट थर धरलेला असतो. एक भाग व्हिनेगरमध्ये दहा भाग पाणी घाला, त्यात दहा मिनिटं ब्रश बुडवा, मग भरपूर धुवा.

आता फेस करण्याची पद्धत. नागपूरच्या उन्हाळ्यात ती पुण्या-मुंबईसारखी चालत नाही. मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो, हवा कोरडी ठणठणीत, त्यात तुम्ही कूलरच्या झोतात उभे. फेस म्हणजे हवा आणि पाणी पातळ पापुद्र्यात धरून ठेवणं. पाणी उडालं की पापुद्रा गेला. दाढी होईपर्यंत कूलर बंद ठेवा किंवा त्याच्याकडे पाठ करा. गच्चीवरच्या टाकीचं पाणी त्या दिवसांत सकाळी दहालाच चटका देतं. ते तर मुळीच नको. गरम फेस छान वाटतो, पण लवकर बसतो. कोमट पुरे.

ब्रश झटकून तीनदा पाणी काढा. मग वडीवर अर्धा मिनिट फिरवा, घाई न करता. ब्रशच्या टोकांवर जे जमतं ते चक्क्यासारखं दिसायला हवं, घट्ट आणि चमक नसलेलं. इथे बरेच जण थांबतात आणि तेच गालावर थापतात, म्हणून फेस वाळतो. चक्का तयार झाल्यावर ब्रशच्या टोकाने तीन-चार थेंब पाणी उचला, वाटीत किंवा गालावर घोळवा, पुन्हा तीन-चार थेंब. पाच-सहा वेळा असं केलं की एक क्षण येतो, तो डोळ्यांनी टिपायला शिका: मऊ पांढरा मठ्ठपणा जातो आणि फेसावर ताज्या दह्याच्या सायीसारखी ओली चकाकी येते. तिथे थांबायचं. बुडबुडे डोळ्यांना वेगळे वेगळे दिसायला लागले तर पाणी जास्त झालं किंवा साबण कमी पडला. अंगठा आणि बोटात फेस चोळून बघा. बोट सरकायला हवं, अडखळायला नको. पाती फेसाच्या उंचीवर चालत नाही, खालच्या या ओल्या निसरड्या थरावर चालते. उंच, फुगीर, कोरडा फेस दिसायला देखणा असतो आणि गालाला काहीच देत नाही. उन्हाळ्यात दुसऱ्यांदा पाती फिरवण्याआधी ब्रश पुन्हा ओला करून फिरवा, म्हणजे अर्ध्यावर वाळणार नाही.

साबणाच्या बाजूने बघायचं तर दाढीच्या साबणाचा जीव स्टिअरिक आम्लात, म्हणजे तेला-तुपातल्या एका मेदाम्लात असतो. खोबरेल तेलाने फेस पटकन येतो, बुडबुडे मोठे येतात, आणि तसेच पटकन जातात. स्टिअरिकचा फेस सावकाश चढतो, पण बारीक, दाट आणि टिकाऊ असतो. आंघोळीची वडी करताना नुसता कॉस्टिक सोडा वापरतात. दाढीच्या साबणात त्याच्या जोडीला किंवा त्याहून जास्त पोटॅश लागतं, म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइड. सोड्याचा साबण कडक होतो आणि पाण्यात कष्टाने उतरतो. पोटॅशचा मऊ होतो आणि ब्रशवर लगेच चढतो. स्टिअरिक ६९ अंशांच्या आसपास वितळतं आणि अल्कलीशी, म्हणजे सोडा-पोटॅशशी, भेट झाली की क्षणात पकडतं, म्हणून हा साबण थंड पद्धतीने नीट जमत नाही, शिजवावा लागतो. शिजवलेल्या साबणातलं ग्लिसरीन आम्ही काढून घेत नाही, ते फेसातलं पाणी धरून ठेवतं. मी स्टिअरिकसोबत कोकमाचं तूप वापरतो. त्यात स्टिअरिक अर्ध्याहून जास्त असतं. विदर्भाचं म्हणून मोहाच्या बियांचं तेलही दोन वर्षं वापरून पाहिलं. त्यात स्टिअरिक जेमतेम पंचमांशाहून थोडं जास्त, आणि न शुद्ध केलेल्या तेलाचा स्वतःचा वास कोणत्याही सुगंधाला पुरून उरतो. मन नव्हतं, पण सोडलं.

तुमच्या डबीच्या मागे बघा. पहिल्या तीन-चार नावांत स्टिअरिक ॲसिड आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड (किंवा पोटॅशियम स्टिअरेट) असेल तर तो खरा दाढीचा साबण. नुसतंच सोडियमचं लांबलचक नाव आणि सोबत सॉर्बिटॉल, प्रॉपिलीन ग्लायकॉल दिसलं, तर कोणीतरी तयार ग्लिसरीन बेस वितळवून, वास घालून डबीत ओतलाय. तो हातानेच ओतलेला असतो, खोटं काही नाही, पण दाढीला तो कामाचा नाही. आणि निर्मिती परवान्याचा क्रमांक छापलेला असायला हवा. तो नसेल तर घेऊच नका, डबी कितीही देखणी असो.

आता वासाकडे येऊ. मला यात जास्त बोलायचंय.

आपल्याकडे कूलरच्या आधी खिडकीला वाळ्याच्या ताट्या असायच्या, अजूनही काही घरांत आहेत. कोरडी ताटी नाकाशी नेली तर जेमतेम मातकट वास येतो. पाणी शिंपडलं की पाच मिनिटांत घर गार आणि सुगंधी होतं. पाण्याने वास उठतो. साबणातही काहीसं असंच होतं. घट्ट साबणात सुगंधाचे कण साबणाच्या रेणूंच्या पुंजक्यांत दडून असतात. पाणी वाढत गेलं की ते पुंजके सुटतात आणि सुगंध हवेत येतो. पण प्रत्येक सुगंध सारखा सुटत नाही. काही ब्रश ओला होताच धावून येतात, काही फेसातच चिकटून राहतात, काही चेहरा पुसल्यावर टॉवेलवर सापडतात. म्हणून डबी हुंगून साबण निवडणं म्हणजे कोरडी ताटी हुंगून वाळा निवडणं.

मला हे माझ्या संत्र्याच्या साबणाने शिकवलं. धंद्याच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी, मृग बहाराची संत्री बाजारात होती, आणि नागपूरकराने संत्र्याचा साबण करायचा नाही तर कोणी करायचा, या विचाराने मी संत्र्याच्या सालीचं दाबून काढलेलं तेल घालून ३६ डब्या केल्या. डबी उघडली की कळमन्याच्या मंडईत उभं असल्यासारखं वाटायचं. महाल भागातल्या एका जुन्या सलूनमधल्या काकांकडे मी नवी वडी नेहमी नेतो. त्यांनी ब्रश फिरवला, मनगटावर फेस काढला, वास घेतला, पुन्हा घेतला, आणि म्हणाले, "वास डबीतच राहिला जी. गालावर आलाच नाही." मला ते पटलं नाही. घरी येऊन स्वतः दाढी केली. काका बरोबर होते.

संत्र्याच्या तेलात नव्वद टक्क्यांच्या आसपास लिमोनिन असतं. त्याचं पाण्याशी जमत नाही, ते साबणाच्या पुंजक्यांतच राहतं, आणि त्याचा स्वतःचा वासही मुळात पातळ. डबीत साठून तो दाट वाटतो. आणि एवढ्यावर थांबलं नाही. २५ मेच्या आसपास नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला, दुकानाच्या पत्र्याखाली ठेवलेल्या उरलेल्या डब्या मी एक दिवस उघडल्या, तर जुन्या व्हार्निशचा वास. लिमोनिन हवेतला ऑक्सिजन घेतं आणि बिघडतं, उष्णतेत फार लवकर. बिघडलेलं लिमोनिन नुसतं वाईट वासाचं नसतं, त्याने त्वचेला ॲलर्जीही येऊ शकते, आणि दाढीच्या पात्याने खरवडलेल्या त्वचेला तर आणखी लवकर. सगळ्या डब्या मोडीत काढल्या आणि विकलेल्यांपैकी ज्यांच्यापर्यंत पोचता आलं त्यांच्या बदलून दिल्या.

आज मी जो संत्र्याचा साबण करतो त्यात सालीचं साधं तेल नाही. लिमोनिन बरंचसं काढून दहापट घट्ट केलेलं तेल घेतो, सोबत संत्र्या-नारिंगाच्या पानांचं तेल, खाली धरून ठेवायला लोबान आणि अगदी थोडा वाळा. सगळा सुगंध मिळून साबणाच्या दोन टक्के. डबीत हा साबण आधीच्यापेक्षा शांत आहे. फेसात मात्र साल सोलताना बोटांवर जो कडवट-हिरवा वास येतो तो येतो. काकांनी याला मान डोलावली, तेव्हा विकायला काढला.

आता तुमचा वाळा. खऱ्या वाळ्याचं तेल मुळांपासून तासन्‌तास वाफेवर काढतात. ते मधासारखं दाट असतं, सावकाश उडतं, आणि त्याचा वास ओल्या मातीचा, मुळांचा, किंचित धुरकट. असं तेल डबी उघडताच खोली भरत नाही. ते खाली बसून राहतं, फेसात अर्धं उमलतं आणि दाढीनंतर तास-दोन तास जबड्यापाशी रेंगाळतं. तुमचं नेमकं उलटं होतंय. डबीत दणका, गालावर काही नाही, टॉवेलवरही नाही. म्हणजे तो खसच्या सरबताचा हिरवा-गोड वास असावा, हलक्या कृत्रिम सुगंधांचा. त्याने अपाय होतो असं नाही. पण वाळ्याचे म्हणून जास्त पैसे मोजू नका.

चंदनाचा हिशेब तर घरबसल्या करता येतो. चंदनाचं चांगलं तेल किलोला लाखाच्या वर जातं. १०० ग्रॅमच्या डबीत दोन टक्के म्हणजे २ ग्रॅम तेल, नुसत्या तेलाचेच दोनशे रुपये होऊन वर. मग अडीचशेला मिळणाऱ्या डबीवर 'शुद्ध चंदन' लिहिलेलं असेल तर समजून घ्या. कृत्रिम चंदनात मला वावगं वाटत नाही. त्यातले काही रेणू फेसात अस्सल तेलापेक्षाही छान उमलतात. अस्सल चंदन दबकं असतं, ते त्वचेवर हळूहळू कळतं. विकणाऱ्याने काय घातलंय ते सरळ लिहावं, एवढंच माझं म्हणणं.

परदेशी डब्यांवर 'बार्बरशॉप' म्हणून जो वास असतो, त्याचं मूळ १८८२ सालच्या फूजेर रोयाल या फ्रेंच अत्तरात सापडतं. लव्हेंडर, झाडावर वाढणारं दगडफुलासारखं ओकमॉस, आणि कुमारिन. कुमारिन १८६८ मध्ये पर्किन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने प्रयोगशाळेत बनवलं. वाळत घातलेल्या गवताचा वास आठवा, त्याला बदामाची गोड किनार द्या, ते कुमारिन. हा वास फेसासाठीच जन्मल्यासारखा आहे, वरून लव्हेंडर लगेच येतं आणि कुमारिन मागे राहतं. इटलीच्या प्रोरासो कंपनीची हिरवी डबी निलगिरी आणि मेंथॉलची, तिथल्याच चेला (Cella) कंपनीचा साबण कडू बदामाचा. दोन्ही वास हलके, दाढी झाली की गेले. पण दाढीच्या साबणाने दिवसभर दरवळावं अशी अपेक्षाच का करायची? त्याला पाच मिनिटं मिळतात. त्या पाच मिनिटांत तो पूर्ण उमलला पाहिजे.

मेंथॉलबद्दल एक सूचना. उन्हाळ्यात गारवा म्हणून लोक ते हमखास मागतात. मेंथॉल ४२ अंशांच्या आसपास वितळतं, म्हणजे मे महिन्यात गाडीत राहिलेल्या डबीत त्याचं काय होतं ते ओळखा. पहिल्या आठवड्यात डोळ्यांत पाणी आणणारा साबण महिन्याने सपक होतो. डबी घट्ट बंद, घरातल्या सगळ्यात थंड कपाटात ठेवा. फ्रिजमध्ये नको, बाहेर काढली की वडीवर पाणी साचतं. लवंग आणि दालचिनीचे साबण मी करत नाही. ताज्या दाढीवर ते झोंबतात.

नवी डबी घेताना शक्य असेल तर विक्रेत्याकडून चण्याएवढा तुकडा मागून घ्या. बहुतेक छोटे उत्पादक देतात, मीही देतो. रात्री कोपराच्या आतल्या बाजूला ओला करून लावा, पाच मिनिटांनी धुवा, दोन दिवस त्वचा बघा. लाली आली नाही तर आरओच्या पाण्यात फेस करून दाढी करा आणि तीन वेळा वास घ्या: चक्का झाल्यावर, चकाकी आल्यावर, आणि तोंड पुसल्यावर टॉवेलचा. तुमच्या आवडीवरून मला वाटतं, तुम्हाला खऱ्या वाळ्याला थोडं लव्हेंडर किंवा संत्र्याच्या पानांचं तेल जोडलेलं आवडेल, म्हणजे ब्रश ओला होताच काहीतरी वर येईल आणि वाळा मागून येईल. आत्ताची डबी टाकू नका. वडी चांगली असेल तर पाणी बदलल्यावर फेस नीट येईल. उद्या सकाळी वाटीभर आरओचं पाणी घेऊन बसा आणि दुसऱ्या गालापर्यंत फेस टिकला की नाही ते कळवा.